काढ्यातली गोळी

प्रति,
(इथे कुणाचं नाव लिहायचं ते ठरत नाही. जागा सोडून पुढे जाते.)

विषय : माझ्या वडिलांच्या काढ्यात साडेदहा महिने रोज एक गोळी कुटून टाकल्याबाबत.

महोदय,

मी ऋतुजा, वय एकतीस, नांदेडला दवाखान्यांच्या गल्लीत एका मेडिकलवर फार्मासिस्ट. गोळी मी पाठवत होते. कुटत होती माझी माय, कावेरीबाई. पीत होते अण्णा, म्हणजे माझे वडील रामलिंग, एसटीचे रिटायर कंडक्टर. त्यांना हे माहीत नव्हतं. गुन्हा मान्य आहे. तक्रार वेगळीच आहे.

पण ती कुणाविरुद्ध आहे ते लिहायला बसले की दर वेळी नाव बदलतं. म्हणून ज्या क्रमाने राग आला त्या क्रमाने लिहिते.



प्रति,
लातूरचे डॉक्टर

साहेब, मागच्याच्या आधीच्या दिवाळीत माझे धाकटे काका गेले. एकोणसाठ वर्षांचे. हरभऱ्याला पाणी देता देता बसले आणि उठलेच नाहीत. तेराव्यानंतर मी अण्णांना ओढत तुमच्याकडे आणलं. रक्तातलं वाईट कोलेस्ट्रॉल दोनशे बारा निघालं. तुम्ही कागदावर एक गोळी लिहिली आणि म्हणालात, "रोज एक. बंद करायची नाही." आणि बेल वाजवलीत.

अण्णा दारातून वळून म्हणाले, "सायब, म्हंजे मरंपर्यंत?"

तुम्ही हसलात. पुढचा पेशंट आत आला होता.

अण्णांनी बावीस दिवस गोळी घेतली. मग त्यांच्या मांड्या दुखायला लागल्या. गोळीने दुखल्या की ऊसतोडीच्या मागे शेतात राबल्याने, मला माहीत नाही. होतं कधीकधी. तसं झालं तर डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते, रक्त तपासता येतं. हे तुम्ही त्यांना अर्ध्या मिनिटात सांगू शकला असता. तीस वर्षं बसमध्ये उभं राहून ज्या माणसाने प्रत्येक म्हातारीला तिचा थांबा कुठला ते दोनदा सांगितलं, त्याला तुम्ही त्याच्या औषधाबद्दल एकदाही सांगितलं नाही.

सांगितलं ते दुसऱ्याने.



प्रति,
मोबाईलमधला माणूस

तुमचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर तुम्हाला ते आवडेल. तुमच्या मागे एक हिरवंगार झाड असतं, पुढे पितळी खल. तुम्ही म्हणता, कोलेस्ट्रॉल नावाचा रोगच नाही, हा कंपन्यांचा धंदा आहे. ही गोळी लिव्हर सडवते, मांड्या पोखरते. अर्जुनाची साल, लसूण आणि मेथीचा काढा नव्वद दिवस घ्या आणि रिपोर्ट मला दाखवा.

तुम्ही "मांड्या" हा शब्द उच्चारला आणि तुम्हाला माझे वडील मिळाले.

मेथीला माझं काही म्हणणं नाही. लसूण खावी. चालावं, तेल कमी करावं, त्याने फरक पडतो, आणि मी ते काउंटरवर रोज सांगते. अर्जुनाची साल माझी आजीपण उकळायची. पण दोनशे बारा आणि घरात एकोणसाठीचा मुडदा असताना नुसत्या सालीवर राहा, हे सांगायचं धाडस तुमच्यात आलं कुठून? तुमचे काका गेले होते का?

अण्णांनी गोळीचं पाकीट गोठ्याच्या कोनाड्यात फेकलं. निलंग्याच्या बाजारात रेवणप्पाच्या दुकानातून साल आणली. रोज सकाळी मायने काढा उकळायचा, अण्णांनी एका घोटात प्यायचा आणि मिशी पुसत म्हणायचं, "हे असतंय औषध. आपल्या मातीतलं."

दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं. दोनशे आठ.

"उतरायलंय," अण्णा म्हणाले. "हळूहळू उतरायलंय. गाडी घाटात हाय अजून."



प्रति,
ऋतुजा

(हे नाव टाळत होते.)

त्या रिपोर्टच्या दुसऱ्या दिवशी मायचा फोन आला. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं.

"ऋतू, त्या गोळ्या कुटून दिल्या तर चालतंय का गं?"

"कुणाला?"

"कुणाला म्हंजे? काढा कडूच हाय. त्यात काय कळतंय."

"माय, न सांगता औषध द्यायचं नसतं."

"बरं. मग सांगून दिऊन बग तू. तुझं ऐकतील की. शिकलेली हायस."

मी काउंटर पुसायला लागले.

"दिराला मीच पाणी पाजलं शेवटचं," माय म्हणाली. "त्या तोंडाला पुन्हा पाणी पाजायचं न्हाई मला. चालतंय का न्हाई, तेवढं सांग."

काही गोळ्या कुटायच्या नसतात. ही कुटून चालते. हे मला परीक्षेत आलं होतं. मी म्हणाले, "चालतंय. पण काढा कोमट झाल्यावर टाक."

आता पाठवायच्या कशा? निलंगा लाइनचे सगळे कंडक्टर अण्णांना गुरू मानतात. त्यांच्या हाती पुडकं दिलं तर अण्णांकडे आधी पोचणार, मायकडे नंतर. मग मी गोळ्यांची पाकिटं सॅनिटरी पॅडच्या पिशवीत भरायला लागले. त्या पिशवीला आमच्या घरातला पुरुष हात लावत नाही, नजरही वळवतो. माय साठीची आहे. तिला ती पिशवी दर महिन्याला कशाला लागते, हा प्रश्न माझ्या बापाला साडेदहा महिन्यांत एकदाही पडला नाही.

यावर मी हसायचे. ते हसणं परत घेते.



प्रति,
अण्णा

मे महिन्यात तुमचा रिपोर्ट आला. एकशे चार.

तुम्ही लॅबवाल्याला तीनदा विचारलं, माझाच हाय का. मग त्याचा फोटो "निलंगा आगार जुने साथी" ग्रुपवर टाकलात. मग गावाच्या ग्रुपवर. मग लॅमिनेशन करून शर्टाच्या खिशात. देवळाच्या पारावर रविवारी काढ्याचं पातेलं ठेवायला लागलात. एक रुपया घेतला नाहीत कुणाकडून, साल स्वतः आणायचात, लसूण घरची. लोक म्हणायचे, अण्णांचा काढा. तुम्ही म्हणायचात, "माझं काय न्हाई बाबा त्यात. निसर्गाचं हाय."

तुम्ही लबाड असता तर मला सोपं गेलं असतं. लबाड माणसाला उघडं पाडता येतं. तुम्ही मनापासून बोलत होता आणि तुमच्या हातात खरा रिपोर्ट होता. त्या रिपोर्टातलं खोटं आम्ही घातलं होतं, मी आणि माय, रोज सकाळी, खलबत्त्याने.

मी मायला म्हणाले, "माय, लोक गोळ्या सोडतील."

"लोकांच्या बायका बगतील लोकांकडं. मी माझ्याकडं बगते."

मी फोन ठेवला. नांदेडहून गप्प बसायला फार सोपं जातं.



वेळ अमावस्या

(इथून पुढे अर्ज जमत नाही. जे झालं ते सांगते.)

आमच्याकडे वेळ अमावस्येला गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. सगळं गाव शेतात. ज्वारीत कडब्याची खोप, आत पांडवांची पूजा, आणि सगळ्यांना जेवायला बोलावणं: भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. ओळखीचा असो नसो, रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारून खाली बसवायचं.

मी सकाळच्या गाडीने आले. खोपीपाशी चांगली पंचवीस माणसं होती. आंबिलीच्या मातीच्या बिंदग्याशेजारी अण्णांच्या काढ्याचा स्टीलचा डबा. अण्णा स्वतःचा काढा घरी पिऊन आले होते. हा पाहुण्यांसाठी होता.

पलीकडच्या शेताचे ग्यानोबा काका, अण्णांचे शाळेपासूनचे दोस्त, बांधावरून येता येता दोनदा थांबले. दोन वर्षांपूर्वी लातूरला त्यांच्या हृदयाच्या नळीत स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, बसवली होती. त्यांची बायको साखराबाई मागून डबा घेऊन आली.

"काका, दम लागायलाय का?"

"वय झालं पोरी. तुझ्या बापासारखं थोडीच हाय. त्याचा एकशे चार हाय." ते हसले. "माझा बी उतरंल. पाच महिने झाले, काढा चालू हाय."

"आणि गोळ्या?"

"सोडल्या की."

"कोलेस्ट्रॉलची?"

"सगळ्याच. चार व्हत्या. रामलिंग म्हणला, एक सोड. म्या म्हणलं, एक सुटती तर बाकीच्या कशापायी?"

त्या चारांत रक्त पातळ ठेवायची गोळी होती. स्प्रिंग बसवलेल्या माणसाची.

मी मायला ज्वारीच्या आड ओढलं. तिच्या हाताला बेसन लागलेलं होतं.

"माय, काकांना आज सांगायचं."

"सांग. मग तुझा बाप उद्यापासनं काढा पिणार न्हाई, माझ्या हातचं पाणीबी पिणार न्हाई. मग?"

"काका मरतील."

"अन् हे?" ती म्हणाली. "हे न्हाई मरणार? तू एक सोडवायला दुसरा घालवायलीस. कुणाच्या नवऱ्यापायी कुणाचा नवरा पणाला लावायलीस तू?"

"मीच सांगते मग."

"ऋतू, तुला आण हाय माझी."

आमच्यात आणेला अजून वजन आहे. मी फार्मासिस्ट आहे, लायसन्स भिंतीवर टांगलेलं आहे, आणि मी आणेपुढे अडले. हे मी कधी विसरणार नाही. मी जाऊन भज्जी वाढायला लागले.

जेवणं झाल्यावर आंबील शिंपडायची फेरी निघाली. पुढे शिवप्रसाद, माझा चुलतभाऊ, मागे पुरुषमाणसं, ओलगे ओलगे अशी हाळी देत पिकाच्या चारी बाजूंनी. तिसऱ्या बाजूला ग्यानोबा काका हरभऱ्यात खाली बसले. आधी वाटलं चप्पल सटकली. मग त्यांचा सदरा पाठीला चिकटलेला दिसला. डिसेंबरचं ऊन, वारा सुटलेला, आणि माणूस घामाने निथळत होता. डावा हात उजव्या हाताने धरलेला.

सगळे तिकडे धावले. अण्णा सगळ्यात पुढे. त्यांनी काकांचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओरडले, "काढा आणा."

कुणीतरी गिलास भरून आणला. अण्णांनी तो काकांच्या ओठाला लावला.

मायने तो गिलास हातातून काढून घेतला. हिसकावला नाही. लहान लेकराच्या हातातून सुरी काढून घेतात तसा घेतला.

"त्यात काय न्हाई," ती म्हणाली.

"काय न्हाई म्हंजे?"

"नुसती साल हाय त्यात. गोळी तुमच्या गिलासात असती. शिमग्याच्या आदीपासनं कुटून घालते मी."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. पंचवीस माणसं हरभऱ्यात उभी होती. साखराबाई म्हणाली, "काय म्हणायली ही?"

माझ्या पर्समध्ये रक्त पातळ करणारी, चावायची एक गोळी असते. ती मी काकांच्या तोंडात घातली आणि चावा म्हणाले. पाच महिने गोळी न घेतलेल्या माणसाने ती मुकाट्याने चावली. शिवप्रसादने जीप काढली. निलंग्याला कार्डिओग्राम, तिथून अ‍ॅम्ब्युलन्सने लातूर. जीपमध्ये अण्णा काकांच्या पायाशी बसून होते. मायला त्यांनी जीपमध्ये चढू दिलं नाही.



प्रति,
ज्यांनी ज्यांनी नंतर मत दिलं ते सर्व

काका वाचले. स्प्रिंगमध्ये गाठ धरली होती, ती काढली. हृदयाचा थोडा भाग गेला तो गेला.

तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले. साखराबाई बाहेर बाकावर होती. काका म्हणाले, "ऋतू, खरं सांग. रामलिंगाचा त्यो रिपोर्ट गोळीचा व्हता?"

"हाव काका."

"मग मी पाच महिने काय पिऊन राहिलो?"

"साल."

"अन् तुला म्हाईत व्हतं."

"तुमी सोडल्या ते माहीत नव्हतं."

"पर रिपोर्टचं म्हाईत व्हतं."

"हाव."

"जा आता," काका म्हणाले.

मी गेले. गावात आले तर काय ऐकावं? पारावर चर्चा चालू. एकाचं म्हणणं, गोळी काढ्यातून दिली म्हणूनच लागू पडली, नुसती दिली असती तर मांड्या गेल्या असत्या. दुसऱ्याचं म्हणणं, बाईने नवऱ्याला फसवलं, कलियुग. जुने साथी ग्रुपवर एकाने लिहिलं, आजकाल घरातही भेसळ. खाली एकवीस जणांनी हात जोडले. ग्यानोबा काकांबद्दल एकाही ओळीत काही नव्हतं. पाच महिने रिकामं पाणी पिऊन एक माणूस मरणाच्या दारात जाऊन आला, आणि यांना पडलं होतं बायकोने नवऱ्याला विचारलं का नाही.

अण्णा तर वेगळ्याच घरात राहत होते, त्याच घरात. स्वतःचा चहा स्वतः करायचे. मायने पाणी भरून ठेवलं तर तांब्या पालथा करून पुन्हा भरायचे.

"अण्णा, ज्यांना रिपोर्ट दाखवला त्यांना जाऊन सांगा," मी म्हणाले. "अजून कुणी कुणी सोडल्यात ते तुमालाच माहीत."

"मी कामून सांगू? मी काय खोटं बोललो?"

"तुमी डॉक्टर झाला होता."

"अन् तुमी काय झाला व्हता?" अण्णा पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून बोलले. "माझ्या तोंडात काय जातंय ते मला कळाया नको? मी काय बैल हाय, पेंडीत कालवून द्यायला?"

हे त्यांचं बरोबर होतं. या सगळ्यात मला सगळ्यात जास्त राग याचा आहे की ते बरोबर होतं. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं आणि आपल्या भावाच्या वाटेने गेले असते. न विचारता वाचवलं तर ग्यानोबा काका जाता जाता राहिले. मधली वाट डॉक्टरांच्या त्या अर्ध्या मिनिटात होती, आणि ती कुणीही चालला नाही. मीही नाही.

"तुमचं बरोबर हाय," मी म्हणाले. "पर सांगायला चला."

ते उठून गोठ्यात गेले.

मग माय गेली. साठ वर्षांत जी बाई पारावर चढली नव्हती, ती दारोदार गेली. मी सोबत होते. प्रत्येक उंबऱ्यावर तेच वाक्य: "ह्यांचा रिपोर्ट गोळीचा हाय. म्या घातली व्हती. तुमच्या कुणी सोडली असंल तर चालू करा, डॉक्टरला इचारून." सात घरांत गोळी सोडलेली निघाली. एका घरात तिला आत घेतलं नाही. एका घरातल्या म्हाताऱ्याने शिवी दिली. माय ती ऐकून पुढच्या दाराला गेली.



प्रति,
(शेवटचं. इथेही नाव नाही.)

फेब्रुवारीत मी रजा काढून गावी गेले. अण्णांना तपासायला नेलं, ते आले, हेच पुष्कळ. दोनशे एक. त्यांनी कागद वाचला, चार घड्या घातल्या आणि मुठीत धरला. हा रिपोर्ट कुठल्याच ग्रुपवर गेला नाही.

मायने काढा वेळ अमावस्येच्याच दिवशी बंद केला होता. "साल तुमची, चूल तुमची," एवढंच तिने सांगितलं होतं. अण्णांनी चार दिवस स्वतः उकळून पाहिला, मग सोडला. गोळी मात्र नाहीच. डॉक्टरांनी, मीच भांडून बोलायला लावलं म्हणून, फोनवर अण्णांना कमी डोसचं, मांड्यांचं, तपासणीचं, सगळं दहा मिनिटं समजावलं. अण्णांनी ऐकलं. "बरं," म्हणाले. घेतली नाही.

मी निघायच्या दिवशी दुपारी पुनम आली, मागच्या आळीची सून. पदर तोंडावर धरून, ओसरीवर न चढता, मायला म्हणाली, "काकू, एक इचारायचं व्हतं. आमचे मामंजी बी गोळी घेत न्हाईत. तुमी किती बारीक कुटायच्या?"

ही चौथी. दोन महिन्यांत चार बायका हेच विचारून गेल्या. इतकं होऊन लोकांनी आमच्याकडून शिकलं काय, तर कुटायचं कसं.

अण्णा दोन हातांवर बाजेवर बसले होते. त्यांनी ऐकलं. मान वर केली नाही.

"कुटायची न्हाई," माय म्हणाली.

"मग?"

"हातावर ठिवायची. नाव सांगायचं, कशाची हाय ते सांगायचं. अन् गिळंपर्यंत समोर उभं ऱ्हायाचं."

"अन् न्हाई गिळली तर?"

"तर उभं ऱ्हायाचं."

पुनम हसली, तिला ती थट्टा वाटली. माय आत गेली. बाहेर आली तेव्हा एका हातात पाण्याचा तांब्या होता, दुसऱ्या तळहातावर उघडी गोळी. ती बाजेसमोर जाऊन उभी राहिली.

"कोलेस्ट्रॉलची हाय," ती म्हणाली. "दहाची. डॉक्टरनं कमी केल्याली."

"ठिव तिथं," अण्णा म्हणाले.

"ठिवणार न्हाई."

"पाय दुखतील तुझे."

"दुखू द्या."

पुनम ओसरीखाली थिजली होती. अण्णांनी रस्त्याकडे बघितलं, गोठ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी बॅग खांद्याला लावून उभी होते. नांदेडची गाडी साडेतीनला फाट्यावर येते. तिचा हॉर्न वाजला. सवयीने अण्णांची मान तिकडे वळली आणि परत आली.

गाडी गेली. माय उभीच होती, हात पुढे करून.